दोन टप्प्यांचे मोठे मॉडेल रॉकेट आणि ग्लायडर होऊन उतरणारा बूस्टर : कोकणातल्या नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

दोन टप्प्यांचे रॉकेट पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांचे सारे लक्ष वरच्या टप्प्याकडे असते. बूस्टरचे, म्हणजे खालच्या टप्प्याचे, काम दीड सेकंदात संपते, म्हणून तो उरल्या वेळात कसाबसा बांधला जातो. बूस्टर ग्लायडरसारखा तरंगत खाली यावा अशी इच्छा असेल, तर हा क्रम पूर्ण उलटा करावा लागतो. आधी बूस्टर बांधायचा, तो हाताने फेकून ग्लायडर म्हणून सिद्ध करायचा आणि त्यानंतरच त्याच्यावर रॉकेट चढवायचे. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारावर, आमच्या गटाने लहान रॉकेटचा १.६ पट मोठा नमुना उडवला, तेव्हा हा धडा आम्हाला दोन हंगाम खर्चून मिळाला. तुमचा तेवढा वेळ वाचावा, यासाठी सगळा क्रम येथे मोजमापांसह देत आहे.

पायरी १ : नेमके काय घडते ते समजून घ्या

येथे वापरायच्या मोटरी काळ्या दारूच्या, कारखान्यात तयार झालेल्या आणि एकदाच वापरायच्या असतात. मोटरीच्या नावातले अक्षर एकूण आवेग सांगते. सी म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंद, डी म्हणजे १० ते २०. पुढचे प्रत्येक अक्षर मागच्याच्या दुप्पट असते. अक्षरापुढचा आकडा सरासरी जोर न्यूटनमध्ये देतो, तर शेवटचा आकडा जळण संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचा विलंब सेकंदांत देतो. हा शेवटचा आकडा शून्य असेल, तर ती बूस्टर मोटर आहे असे समजावे. तिच्यात विलंबाची दारूही नसते आणि पॅराशूट फेकणारी दारूही नसते. जळण पुढच्या टोकापर्यंत पोचले की तप्त वायू आणि निखारे पुढच्या बाजूने फुटून बाहेर पडतात आणि वरच्या मोटरीच्या नोझलमध्ये, म्हणजे झोत बाहेर पडण्याच्या तोंडात, शिरून तिला पेटवतात. त्याच दाबाने दोन टप्पे वेगळे होतात.

थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातून उडालेले पहिले रॉकेट, नाइके-अपाचे, हेही दोन टप्प्यांचेच होते. त्याचा जळून गेलेला खालचा टप्पा हवेच्या रोधाने मागे पडत असे आणि वरचा टप्पा थोड्या वेळाने पेटत असे. आपल्या छोट्या रॉकेटमध्ये मात्र विलग होणे आणि पेटणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात. त्यामुळे दोन टप्प्यांमधला सांधा किती घट्ट आणि किती सैल ठेवायचा, याला फार महत्त्व येते.

पायरी २ : कागदपत्रे आधी, लाकूड नंतर

१८८४ च्या स्फोटके अधिनियमातील स्फोटकांच्या व्याख्येत रॉकेट हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे. त्यामुळे मोटर खेळण्याच्या दुकानातून मागवण्याची वस्तू नाही. तिची आयात, विक्री आणि साठा २००८ च्या स्फोटके नियमांखाली येतो आणि त्या परवान्यांचे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय आपल्याच राज्यात नागपूरला आहे. आम्ही मोटरी संस्थेच्या नावाने, परवानाधारक पुरवठादारामार्फतच घेतल्या. फटाक्यांची दारू काढून किंवा रसायने मिसळून घरी मोटर करण्याचा विचार मनातही आणू नका. अशा प्रयोगांत बोटे आणि डोळे गेलेले आहेत आणि तो गुन्हाही आहे. मोटरी रेल्वेने किंवा एसटीने स्वतः घेऊन येणे हाही तसाच सापळा आहे. त्या पुरवठादाराच्या व्यवस्थेनेच तुमच्यापर्यंत आल्या पाहिजेत.

एका फायलीत पुढील कागद जमवून ठेवा :

- मोटरींचे बिल आणि पुरवठादाराच्या परवान्याची प्रत
- जागेचा सातबारा आणि जमीनमालकांचे लेखी ना-हरकत पत्र
- ग्रामपंचायतीचे पत्र आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच
- संस्थेच्या जबाबदार व्यक्तीचे पत्र आणि अल्पवयीन विद्यार्थ्यांच्या पालकांची संमती
- रॉकेटचे वजन, मोटरी आणि अपेक्षित उंची सांगणारे एक पानी माहितीपत्रक

यातल्या दुसऱ्या कागदाला सर्वात जास्त वेळ लागतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. सड्यावरच्या एका गटाच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदारांची नावे असतात आणि त्यातले निम्मे मुंबईला असतात. गणपतीत किंवा शिमग्याला सगळे गावी येतात, तेव्हाच पत्रावर सह्या घेऊन ठेवाव्यात. पोलीस ठाण्यात अर्ज देताना जिल्हादंडाधिकाऱ्यांचा एखादा मनाई आदेश लागू आहे का, हेही विचारावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघणाऱ्या आदेशांत कधीकधी हवेत उडणाऱ्या वस्तूंचाही समावेश असतो. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे आणि सिंधुदुर्गात चिपीला विमानतळ आहे. त्यांच्या परिसरात जागा शोधूच नये. ड्रोनसाठी असलेला डिजिटल स्काय नकाशा रॉकेटसाठी परवानगी देत नाही, पण कुठली हद्द टाळायची ते त्यावर चटकन दिसते.

मोटरींची सोय व्हायला महिने लागू शकतात. तोवर थांबून राहण्याचे कारण नाही, कारण पायरी ३ ते ६ मध्ये दारूचा कणही लागत नाही.

पायरी ३ : किती पट मोठे करायचे ते मोटर ठरवते

मोठा नमुना करताना हवा तो गुणक धरता येत नाही. मोटरी ठरावीक व्यासातच मिळतात : लहान रॉकेटच्या १८ मिमी आणि त्यापुढच्या २४ मिमी. नळ्या ज्या पाइपवर गुंडाळून करायच्या, ते पीव्हीसी पाइपही ठरावीक बाह्य व्यासात मिळतात. आमच्या मूळ रॉकेटची नळी २५ मिमी व्यासाची होती. हार्डवेअरच्या दुकानात ४० मिमी बाह्य व्यासाचा पाइप सहज मिळाला, म्हणून गुणक १.६ ठरला.

आता नवशिक्याची पहिली चूक कुठे होते ते पाहू. लांबी, रुंदी आणि जाडी ही तिन्ही मापे १.६ पट केली, तर पंखाचे क्षेत्रफळ २.५६ पट होते, पण वजन ४.१ पट होते. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार १.६ पट वाढतो आणि ग्लाइडचा वेग सुमारे सव्वा पट होतो. लहान बूस्टर पानासारखा अलगद उतरत असेल, तर हुबेहूब मोठा केलेला बूस्टर दगडासारखा उतरतो. म्हणून बाह्य आकार गुणकाने वाढवा, जाडी मात्र वाढवू नका. जाडीचा निर्णय वजन पाहून घ्या. आमच्या ६४० चौरस सेंमी पंखांसाठी १३० किलो प्रति घनमीटर घनतेचे बाल्सा धरले, तर ५ मिमी जाडीत ते ४२ ग्रॅम होते आणि ४ मिमी जाडीत ३३ ग्रॅम. आम्ही ४ मिमी निवडले आणि कमी पडणारी ताकद बांबूच्या कामटीने भरून काढली.

पायरी ४ : साहित्य

- बाल्साचे ४ मिमी आणि ३ मिमी जाडीचे पत्रे. हे पुण्या-मुंबईच्या एरोमॉडेलिंगच्या दुकानांतून मागवावे लागतात. घेताना प्रत्येक पत्रा तोलून हलका तेवढाच घ्यावा.
- क्राफ्ट पेपर, फेव्हिकॉल आणि ४० मिमीचा पीव्हीसी पाइप. पाइपवर आधी मेणकागद गुंडाळून त्यावर कागदाचे तीन-चार वेढे दिले, की मजबूत नळी होते.
- २४ मिमी मोटरीसाठी आतली नळी, जाड पुठ्ठ्याच्या कड्या आणि मोटर अडकवून ठेवणारी स्प्रिंग पोलादाची पट्टी.
- जुन्या, वाळलेल्या बांबूची कामटी, ३ मिमी रुंदीची.
- ॲराल्डाइट, सँडिंग सीलर, ॲल्युमिनियमची चिकट फॉइल, कापडी टेप, रबर बँड आणि मूर्तीची प्लास्टिसिन माती.
- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. याच्याशिवाय हे काम सुरूच करू नये.

नोज कोनसाठी, म्हणजे रॉकेटच्या निमुळत्या टोकासाठी, आम्ही सावंतवाडीच्या लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. पांगाऱ्याचे हलके लाकूड लेथवर चढवून त्यांनी पुठ्ठ्याच्या साच्याप्रमाणे वळण दिले आणि मग आतून कोरून पोकळ केले. पूर्ण घन असताना तो कोन हातात जड लागत होता. कोरल्यावर भिंत इतकी पातळ झाली, की उन्हात धरल्यावर कडेशी लाकडाचे तांबूस रेषे दिसत होते. असे काम जवळ होत असेल, तर बाहेरून प्लास्टिकचा कोन मागवण्याची गरज नाही.

पायरी ५ : बूस्टर बांधा

बूस्टरची नळी फक्त ११ सेंमी लांब ठेवा. त्यामागचे कारण नीट लक्षात घ्या, कारण नवशिके इथे सर्रास फसतात. पंखाची मुळाशी रुंदी ३० सेंमी आहे, म्हणून नळीही तेवढीच लांब करून मोटर तिच्यात पुढे बसवावी असे वाटते. पण मोटरीचे नोझल रुंद नळीत खोलवर राहिले, तर झोताबरोबर आजूबाजूची हवा ओढली जाते, नळीत कमी दाब तयार होतो आणि जोर मोठ्या प्रमाणात वाया जातो. याला क्रुशनिक परिणाम म्हणतात. मोटर नळीच्या मागच्या टोकाशी नेली, तर जोर वाचतो, पण मोटरीच्या रिकाम्या खोक्याचे वजन मागे जाऊन ग्लाइड बिघडते. आखूड नळी हा दोन्हींवरचा उपाय आहे. पहिल्या ४ सेंमीत वरच्या टप्प्याचा सांधा बसतो, त्यामागे ७० मिमीची मोटर असते आणि तिचे टोक नळीच्या मागच्या कडेशी येते.

पंखाची मापे अशी : मुळाशी रुंदी ३० सेंमी, टोकाशी १० सेंमी, प्रत्येक पंखाची लांबी १६ सेंमी, मागची कड सरळ. पंखाचे मूळ नळीच्या पुढच्या कडेपासून सुरू होते. नळी संपल्यावर पंखाची मुळाकडची कड सुमारे १५ अंशांनी बाहेर तिरकी कापा, म्हणजे ज्वाळेला वाट मिळेल, आणि त्या कडेवर दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा. बाल्साचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा.

दोन कामट्या मोटरीची नळी आणि बाहेरची नळी यांच्यामधल्या जागेतून आरपार नेऊन दोन्ही पंखांत १० सेंमीपर्यंत रुतवा आणि ॲराल्डाइटने पक्क्या करा. विलग होताना बूस्टरचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास असतो आणि त्या वेगाला त्याने एक मोठी कोलांटी घेतली, तर पंखांवर त्याच्या वजनाच्या तीसपट भार येतो. फेव्हिकॉलने नुसता कडेला चिकटवलेला पंख तिथेच निखळतो. टोकांना ३ मिमी बाल्साची उभी पाती लावा. त्यांच्यावाचून बूस्टर डावी-उजवीकडे अस्थिर होईल, कारण सपाट पंख फक्त एका प्रतलात स्थैर्य देतात.

आता उंचीपंख. सपाट पंखाचे ग्लायडर पुढे झुकून पडू नये म्हणून पंखाची मागची कड किंचित वर वळलेली लागते. पण तेच वळण वर चढताना रॉकेटला पाठीमागे वाकवते आणि रॉकेट कमान घेऊन जमिनीकडे येते. म्हणून पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात ३० मिमी रुंदीची पट्टी कापून ती कापडी टेपच्या बिजागरीवर बसवा. रबर बँड तिला वर ओढेल आणि एक छोटा स्क्रू २ मिमीवर अडवेल, म्हणजे सुमारे ४ अंशांचे वळण मिळेल. पियानो वायरचा एक आकडा नळीच्या पुढच्या कडेपर्यंत आणा. वरचा टप्पा बसलेला असेपर्यंत त्याची नळी हा आकडा दाबून धरते आणि पट्टी सपाट राहते, आणि तो सुटला की पट्टी वर येते. ही हालचाल टेबलावर निदान पन्नास वेळा करून पाहा. एकदा जरी अडकली तरी बिजागरी पुन्हा करा.

शेवटी सँडिंग सीलरचे दोन पातळ हात, आतून-बाहेरून. कोकणच्या दमट हवेत उघडे बाल्सा पाणी पिते, वजन वाढते आणि पंख पिळवटतो. सीलरमुळे चार-पाच ग्रॅम वाढतात, तरी तो टाळू नका.

पायरी ६ : ग्लाइड जुळवा, इथे घाई नको

आधी गुरुत्वमध्य कुठे हवा ते काढू. वर दिलेल्या मापांच्या पंखाची सरासरी वायुगतिक रुंदी २१.७ सेंमी येते आणि तिचा पाव हिस्सा मुळाच्या पुढच्या टोकापासून १३.७ सेंमी मागे पडतो. बूस्टर या बिंदूवर समतोल झाला, तर तो धड सावरतही नाही आणि धड पडतही नाही. गुरुत्वमध्य त्याच्या थोडा पुढे, १२ सेंमीवर आणायचा.

मोटरनळीत डी१२ चे रिकामे, जळून गेलेले खोके बसवा. ते नसेल, तर तेवढ्याच वजनाचा लाकडी ठोकळा ठेवा. मग दोन बोटांच्या टोकांवर बूस्टर तोलून पाहा. आमचा समतोल सुरुवातीला साडेतेरा सेंटिमीटरवर आला. नळीच्या पुढच्या कडेखाली छोटी चोच करून तिच्यात १२ ग्रॅम माती भरल्यावर तो १२ वर आला आणि एकूण वजन १०८ ग्रॅम भरले.

मग मऊ गवत असलेल्या उतारावर, वारा पडलेल्या वेळी, खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, वाऱ्याच्या समोर सरळ सोडा. जोरात फेकू नका. धावत जाऊन हातातून निसटू द्या. या भाराला सेकंदाला आठ मीटरच्या आसपास वेग लागतो.

- सरळ जाऊन सात-आठ मीटरवर पोट टेकवत उतरला, तर जमले.
- नाक वर करून थबकला आणि कोसळला, तर चोचीत एक ग्रॅम माती वाढवा.
- सरळ नाकावर गेला, तर आधी पट्टी खरोखर वर आली का ते पाहा. आली असेल, तर स्क्रू अर्ध्या मिलिमीटरने ढिला करा.
- एका बाजूला झपाट्याने वळत असेल, तर पंख पिळवटला आहे. चहाच्या वाफेवर धरून तो सरळ करा आणि वजनाखाली रात्रभर ठेवा.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक फेक वहीत लिहावी. दोन्ही बाजूंना पट्ट्यांची उंची सारखी आली की उजव्या पट्टीची उंची अगदी किंचित जास्त ठेवा, म्हणजे बूस्टर रुंद वर्तुळात फिरत उतरेल आणि सड्याच्या कडेवरून खाली वाडीत जाणार नाही. सलग दहा फेकी चांगल्या झाल्याशिवाय पुढच्या पायरीकडे वळू नका.

पायरी ७ : वरचा टप्पा आणि सांधा

वरच्या टप्प्यात विशेष नवे काही नाही : ४० मिमीची ६० सेंमी लांब नळी, ३ मिमी बाल्साचे तीन पंख, २४ मिमीची मोटरनळी, कोरलेला नोज कोन, तुटणार नाही अशी केव्हलारची दोरी आणि ३० सेंमीचे, मध्ये भोक असलेले पॅराशूट. पॅराशूट याहून मोठे केल्यास रॉकेट वाऱ्याबरोबर आंब्याच्या बागेत जाते. रंग गडद गुलाबी किंवा नारिंगी ठेवा. काळ्या कातळावर आणि पिवळ्या गवतात दुसरा कोणताही रंग हरवतो. पॅराशूटखाली अग्निरोधक कागद भरायला विसरू नका.

सांध्याबाबत मात्र सविस्तर सांगावे लागेल. वरच्या मोटरीचे नोझल आणि बूस्टर मोटरीचे पुढचे तोंड एकमेकांना टेकलेले हवे. दोन्ही मोटरी टोकाला टोक लावून पारदर्शक सेलो टेपचा एकच वेढा द्या. कागदी मास्किंग टेपचे तीन वेढे दिले, तर टप्पे सुटणारच नाहीत. वरच्या टप्प्याच्या बुडाची बाहेर आलेली कॉलर बूस्टरच्या नळीत ४ सेंमी जाते. रॉकेट उभे धरून बूस्टर हाताने सोडला, तर तो आपल्या वजनाने हळूहळू घसरून खाली आला पाहिजे.

आमचे पहिले उड्डाण याच ठिकाणी फसले. रॉकेट आदल्या दिवशी दुपारी जुळवले होते आणि सांधा अगदी हवा तसा सरकत होता. रात्री ते पडवीत ठेवले. सकाळी दव पडले होते, कागदाची कॉलर फुगली होती, आणि आम्ही सांधा पुन्हा तपासला नाही. वरची मोटर पेटली, पण बूस्टर क्षणभर अडकून राहिला. तो सुटला तेव्हा उजव्या पंखाची मुळाकडची कड जळून काळी झाली होती आणि पट्टीचा रबर बँड वितळला होता. बूस्टर गोल गोल फिरत खाली आला. त्यानंतर आम्ही कॉलरला आतून-बाहेरून सीलर लावून बारीक पॉलिश पेपरने घासली आणि वर मेण चोळले. सांध्याची घसरण-चाचणी उड्डाणाच्या जागी, मोटरी भरण्याच्या आधी करायची, हा नियमच केला.

मोटरींची निवड : खाली डी१२-०, वर सी११-७. दोन्ही २४ मिमी व्यासाच्या आणि ७० मिमी लांबीच्या आहेत. वर डी१२-७ घालण्याचा मोह होतो, पण पहिल्या उड्डाणाला इतकी उंची नको. विलंब शून्य असलेली मोटर वर घालू नका. तिच्यात पॅराशूट फेकणारी दारू नसते, आणि हा गोंधळ अंधुक प्रकाशात सहज होतो.

पायरी ८ : स्थैर्य तपासा, दोनदा

जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मॉडेल रॉकेटचे दाबकेंद्र, म्हणजे हवेचा एकत्रित दाब जिथे लागू होतो तो बिंदू, काढण्याची सोपी समीकरणे मांडली आणि ओपनरॉकेट हा मोफत संगणक-कार्यक्रम त्यांचाच विस्तार वापरतो. पूर्ण रॉकेट आणि एकटा वरचा टप्पा, दोन्हींचे स्वतंत्र गणित करा. मोटरी भरलेल्या स्थितीत गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे नळीच्या एक ते दोन व्यासांइतका, म्हणजे ४ ते ८ सेंमी, असला पाहिजे. मोठ्या पंखांमुळे पूर्ण रॉकेटचे दाबकेंद्र खूप मागे जाते, त्यामुळे तिथे आकडा भरपूर दिसतो. पण तो पंखांच्या प्रतलातला आहे. टोकाच्या उभ्या पात्यांच्या दिशेने वेगळा तपासा. शंका असल्यास गुरुत्वमध्याशी दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून ते दोन्ही बाजूंनी स्थिर फिरले पाहिजे.

आमचे रॉकेट मोटरींसह २४५ ग्रॅम भरले. डी१२-० ला ३९६ ग्रॅमपर्यंत वजन चालते आणि सुरुवातीला क्षणभर ती ३० न्यूटनच्या आसपास जोर देते, त्यामुळे उड्डाणाला दिशा देणाऱ्या उभ्या रॉडवरून सुटताना पुरेसा वेग मिळतो.

पायरी ९ : जागा, महिना, वेळ

समुद्रकिनारा टाळा. पुळण मोकळी दिसते, पण सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे बूस्टर पाण्यात नेऊन टाकतात आणि दुपारचे खारे वारे माडांत अडकवतात. रापणीची माणसे, होड्या, पर्यटक असतात. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटीही असतात. सडा उत्तम. दोन मोटरींचा एकूण आवेग २० न्यूटन-सेकंदांच्या वर जातो, म्हणून मोकळी जागा निदान ३०० मीटर लांब आणि तेवढीच रुंद हवी.

सड्यावर दोन गोष्टी आधी पायी फिरून पाहा. पहिली, कातळशिल्पे. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी येथील शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण नोंद न झालेली शिल्पे कितीतरी सड्यांवर गवताखाली असतात. कोरलेली रेघ दिसली, तर तिथे लाँचपॅड लावू नका, खुंटी ठोकू नका, गाडी नेऊ नका. दुसरी, गवत. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवतात ओल असते. जानेवारीनंतर तेच गवत ठिणगीची वाट पाहत असते आणि त्याच काळात खालच्या बागांना मोहोर असतो. वणवा लागला, तर शेजाऱ्याचे वर्षाचे उत्पन्न जाईल. आम्ही नोव्हेंबर संपला की उड्डाणे बंद करतो.

वेळ सकाळी नऊ ते साडेदहा. मतलई वारा पडलेला असतो आणि खारा वारा अजून उठलेला नसतो. गावातल्या एखाद्या कोळ्याला विचारलेत, तर त्या दिवशी वारा कधी फिरेल ते तो हवामानाच्या ॲपपेक्षा नेमके सांगेल.

पायरी १० : उड्डाण

१. पॅडभोवती तीन मीटरचे गवत कापून पाणी मारा. दोन बादल्या पाणी आणि ओली गोणपाटे हाताशी ठेवा.
२. रॉड स्टेनलेस स्टीलचा, ६ मिमी जाडीचा आणि दीड मीटर लांब घ्या. साधी लोखंडी सळई खाऱ्या हवेत एका आठवड्यात गंजते आणि रॉकेट अडकते. खाली पोलादी पत्रा लावा. रॉडच्या टोकाला टोपी ठेवा, नाहीतर वाकणाऱ्याच्या डोळ्याला इजा होते.
३. सांध्याची घसरण-चाचणी, मग पट्ट्यांची चाचणी, मग मोटरी.
४. इग्नायटर, म्हणजे विजेने पेटणारी वात, फक्त खालच्या मोटरीत, दारूला टेकलेला. वरच्या मोटरीत इग्नायटर घालायचा नसतो.
५. इग्नायटरच्या तारांना लावायच्या क्लिपा पॉलिश पेपरने घासून जोडा. त्यांवरचा क्षार हे न पेटण्याचे सर्वात नेहमीचे कारण आहे.
६. सर्वजण १५ मीटर मागे. सुरक्षा-किल्ली चालवणाऱ्याच्या खिशात असावी आणि जोडणी पूर्ण झाल्यावरच ती बटणाच्या बॉक्समध्ये घालावी.
७. एकाने फक्त बूस्टरवर नजर ठेवावी, दुसऱ्याने फक्त वरच्या टप्प्यावर. सगळे वर पाहत राहिले, तर बूस्टर कुठे उतरला ते कोणालाच सांगता येत नाही.
८. मोठ्याने उलटे आकडे मोजा आणि बटण दाबा. पेटले नाही, तर किल्ली काढा आणि पूर्ण एक मिनिट कोणीही जवळ जाऊ नका.

विलग झाल्यावर बूस्टर बहुधा एक कोलांटी घेतो, वेग ओसरतो, आणि मग ग्लाइड सुरू होते. आमच्या तिसऱ्या उड्डाणात तो दोन रुंद वर्तुळे करून पॅडपासून चाळीस पावलांवर उतरला. पट्ट्या वर होत्या, चोचीतली माती जागेवर होती आणि मोटरीचे खोके अजून कोमट होते.

उतरल्यावर लगेच बूस्टर तोला. वजन वाढलेले दिसले, तर लाकडाने दमटपणा घेतला आहे असे समजा आणि पुढच्या फेरीआधी ग्लाइडची फेक पुन्हा घ्या. उरलेल्या मोटरी बंद गाडीत उन्हात ठेवू नका. ताप आणि गारवा आलटून-पालटून बसला, की दारूचा गोळा खोक्यापासून सुटतो आणि अशी मोटर पेटवताना फुटते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात त्या सावलीत ठेवा आणि डब्यावर तारीख लिहा.